भांडण हिशेबाचे, लढाई ताब्याची

काही वर्षांपूर्वी पुण्यातील आमच्या सोसायटीच्या कार्यालयात दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले गेले. पहिला कागद तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेच्या मालकीणबाईंचा, एका निवृत्त शिक्षिकेचा होता. आखीव वहीतून फाडलेल्या पानावर त्यांनी दरमहा १८,००० रुपयांप्रमाणे पाच महिन्यांचे ९०,००० रुपये, त्याखाली न भरलेल्या लाइट बिलाचे ४,२०० रुपये आणि शेवटी ९४,२०० ही बेरीज मांडून तिच्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. दुसरा कागद भाडेकरूचा होता. त्याच्याही हिशेबात पाच महिन्यांचे ९०,००० होते. मात्र बाईंच्या मुलाच्या खात्यावर पाठवलेले १०,००० आणि बंद पडलेला गीझर बदलण्यासाठी पदरचे घातलेले ६,५०० रुपये त्याने वजा केले होते, आणि लाइट बिलाचा उल्लेखच नव्हता. त्याचा आकडा ७३,५०० येत होता.

त्याआधीचा दीड महिना दोघांमध्ये जी वादावादी चालली होती, तिच्यात हे दोन आकडे एकदाही समोरासमोर आले नव्हते. बाई एजंटामार्फत जागा रिकामी करण्याचा निरोप पाठवत होत्या, डिपॉझिट हातात पडल्याशिवाय हलणार नाही असे भाडेकरू सांगत होता, आणि परगावी नोकरीला असलेला मुलगा फोनवरून पोलिसांत जाण्याची भाषा करत होता. सोसायटीच्या समितीला अशा वादात कोणताही अधिकार नसतो, हे मी तेव्हाच सांगितले होते. आम्ही फक्त दोघांना एका टेबलाशी बसवले. वजाबाकी केली तेव्हा भांडणाची खरी रक्कम २०,७०० रुपये निघाली. उरलेल्या ७३,५०० रुपयांविषयी दोघांचे एकमत होते, आणि त्यातले ५०,००० रुपये तर डिपॉझिट म्हणून बाईंच्या खात्यावर आधीच पडून होते.

थकलेल्या भाड्याच्या वादात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. देणे किती आहे हा पहिला, आणि जागा कोणाकडे राहणार हा दुसरा. पहिला प्रश्न बेरीज-वजाबाकीचा आहे आणि कागदपत्रे समोर ठेवली तर तो बहुधा एका बैठकीत सुटण्यासारखा असतो. दुसरा प्रश्न हक्काचा, गरजेचा आणि बहुतेक वेळा लोभाचा असतो. तो सुटायला वर्षे लागतात. आपल्याकडे मात्र दोन्ही बाजू पहिला प्रश्न दुसऱ्याच्या तोंडी बांधून ठेवतात आणि मग साधा हिशेबसुद्धा वर्षानुवर्षे अडून राहतो. पैशाचा निकाल लागेपर्यंत ताब्याचा विषय उघडूच देऊ नये आणि ही सक्ती दाव्याच्या आधी, नोटिशीच्या टप्प्यावरच व्हावी, असे माझे मत आहे. मी गिरगावातील चाळीत भाडेकरूच्या घरात वाढलो आणि आज माझी स्वतःची एक लहानशी जागा भाड्याने दिलेली आहे. त्यामुळे हे मत एका बाजूच्या खुर्चीत बसून बनलेले नाही, एवढे सांगण्यास हरकत नसावी.

आपला कायदा या बाबतीत लोक समजतात त्यापेक्षा शहाणा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रात चालणारा १९४७चा कायदा, विदर्भातील १९४९चा आदेश आणि मराठवाड्यातील १९५४चा हैदराबादचा कायदा अशा तिन्हींची जागा त्याने घेतली. त्याच्या कलम १५ची सुरुवातच अशी आहे की, भाडेकरू प्रमाण भाडे, म्हणजे कायद्यानुसार ठरलेले भाडे, आणि कायद्याने परवानगी दिलेली वाढ देत असेल किंवा देण्यास तयार आणि राजी असेल, तोवर मालकाला जागेचा ताबा मागता येत नाही. भाडे थकलेच, तर मालकाने लेखी मागणीची नोटीस द्यावी आणि ती बजावल्यापासून ९० दिवस उलटेपर्यंत दावा लावू नये. दावा लागल्यावरसुद्धा समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत भाडेकरूने सगळी थकबाकी, तिच्यावर दरसाल १५ टक्के दराने सरळ व्याज आणि न्यायालय ठरवील तो दाव्याचा खर्च भरला आणि निकाल लागेपर्यंत भाडे नियमित भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला बाहेर काढण्याचा हुकूम होत नाही.

या तरतुदीचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. भाडे थकवणे हा जागा गमावण्याइतका मोठा अपराध नाही, मालकाचे नुकसान पैशाचे आहे आणि ते पैशानेच, व्याजासह, भरून यावे, अशी कायद्याची भूमिका आहे. १५ टक्के सरळ व्याज हे कोणत्याही बँकेच्या मुदत ठेवीपेक्षा जास्त आहे. म्हणजे मालकालाही विधिमंडळाने उपाशी ठेवलेले नाही. प्रश्न असा की, नोटिशीनंतरच्या त्या पहिल्या ९० दिवसांत प्रत्यक्षात होते काय? बहुतेक वेळा काहीच होत नाही. मालकाचा वकील कॅलेंडरवर खूण करून ठेवतो, भाडेकरूचा वकील सगळे आरोप नाकारणारे उत्तर पाठवतो, आणि दोघे पुढच्या टप्प्याची वाट पाहतात. कायद्याने हिशेब मिटवण्यासाठी दिलेली मुदत दोन्ही बाजूंनी शस्त्रे परजण्यात जाते.

याचे कारण कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही, जागेच्या किमतीत सापडते. मुंबईच्या जुन्या चाळीतील दोन खोल्यांचे भाडे महिन्याला २०० रुपये आहे असे धरू. तीन वर्षांची थकबाकी झाली ७,२०० रुपये. वकिलाची पहिली फी बहुधा याहून जास्त असते. एवढ्या पैशासाठी कोणी शहाणा मालक धोबी तलावाजवळच्या लघुवाद न्यायालयाच्या पायऱ्या झिजवणार नाही, आणि कोणी शहाणा भाडेकरूही एवढी रक्कम अडवून लाखोंची जागा पणाला लावणार नाही. तरीही असे दावे लागतात, कारण थकबाकी हे निमित्त असते. तोच दावा भाडेकरूने वेळेवर पैसे भरून मोडीत काढला की त्याच दाव्यात बिनपरवाना बांधकाम, पोटभाडेकरू, मालकाची स्वतःची गरज अशी इतर कारणे असतातच. निकालानंतर त्याच न्यायालयात दोन न्यायाधीशांपुढे अपील आणि पुढे उच्च न्यायालय. मूळ ७,२०० रुपये तोवर सगळेच विसरलेले असतात.

मालकांची या संदर्भातील चीड मला समजते. १९४७च्या कायद्याने मुंबईतील भाडी १ सप्टेंबर १९४० रोजी होती तिथे गोठवली आणि पुढच्या अर्ध्या शतकात त्यांत नाव घेण्यासारखी वाढ झाली नाही. मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली स्पष्ट म्हटले की, एके काळी वाजवी असलेल्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. कायद्याची मुदत पुढच्याच मार्चमध्ये संपणार असल्यामुळे त्या थेट रद्द करणे न्यायालयाने टाळले, एवढेच. नव्या कायद्याने दरसाल ४ टक्के वाढ दिली. २०० रुपयांवर ४ टक्के म्हणजे ८ रुपये. ज्या इमारतीचा गिलावा दर पावसाळ्यात गळून पडतो तिच्या मालकाला ही वाढ थट्टा वाटली, तर त्याला दोष कसा द्यावा? पण भाडे कमी असल्याचा राग भाडे थकल्याच्या दाव्यातून काढणे, हा त्यावरचा उपाय नव्हे. भाडे किती असावे हा विधिमंडळाचा विषय आहे आणि तो तिथे मांडण्याइतके मालक संघटित आहेत.

चाळीतल्या थकबाकीचा आणखी एक प्रकार आहे, ज्याची बाहेरच्यांना फारशी कल्पना नसते. तिथे पुष्कळदा भाडे थकत नाही, ते घेतले जात नाही. भाडेपावती आजोबांच्या नावावर असते. आजोबा वारले, मग वडील वारले. मालकाचा माणूस महिन्याच्या महिन्याला पावतीपुस्तक घेऊन येतो तोवर सगळे ठीक चालते. एके दिवशी नातू म्हणतो, पावती माझ्या नावावर करून द्या. तेव्हापासून तो माणूस येईनासा होतो, कारण पैसे घेऊन नातवाच्या नावाची पावती दिली तर त्याचे भाडेकरूपण मान्य केल्यासारखे होईल, अशी मालकाला भीती असते. मृत्यूच्या वेळी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला कायदा भाडेकरू मानतो, पण ते सिद्ध करावे लागते आणि मालकाला ते आयते द्यायचे नसते. मग नातू पोस्टात जातो. लहानपणी मी वडिलांबरोबर असा पोस्टात गेलेला आहे. मनीऑर्डरच्या फॉर्मवर संदेशासाठी असलेल्या चिमुकल्या जागेत वडील बारीक अक्षरात 'अमुक महिन्याचे भाडे' एवढेच लिहीत. आठवड्याभराने पैसे परत येत आणि त्यांवर पोस्टमनच्या हातचा शेरा असे, 'घेण्यास नकार'. ते शेरे वडिलांनी एका पत्र्याच्या डब्यात क्रमाने लावून ठेवले होते. आमच्या घरातील सर्वांत मौल्यवान वस्तू तो डबा आहे, असे मला तेव्हा वाटत असे, आणि कायद्याच्या दृष्टीने ते फारसे चुकीचेही नव्हते. 'तयार आणि राजी' असल्याचा पुरावा त्यातच होता.

अशा घरावर पुढे पाच-सात वर्षांची थकबाकी दाखवणारी नोटीस येते, तेव्हा ती थकबाकी नेमकी कोणाची म्हणायची? दिल्लीच्या १९५८च्या भाडे नियंत्रण कायद्यात यावर साधी तोड आहे: मालक भाडे घेत नसेल तर भाडेकरूने ते नियंत्रकाकडे जमा करावे. मालकाच्या हक्काला धक्का लागत नाही, भाडेकरूच्या डोक्यावर थकबाकी साचत नाही, आणि पैसे कुठे आहेत यावरून पुढे दोन पिढ्या साक्षी काढाव्या लागत नाहीत. आपल्याकडे भाडेकरू अजूनही नकाराचे शेरे जमवत बसतो. यूपीआयच्या काळात एखाद्या सरकारी खात्यावर इमारतीचा आणि खोलीचा क्रमांक घालून भाडे भरता येऊ नये, याला तांत्रिक कारण काहीही नाही.

नव्या वस्तीतील, म्हणजे पुणे, ठाणे, नाशिक, नवी मुंबई येथील भाडेकरूंची गोष्ट वेगळी आहे. त्यांतील बहुसंख्य लोक कायद्याच्या भाषेत भाडेकरू नाहीतच. लिव्ह अँड लायसन्सच्या कराराने राहणारा माणूस परवानाधारक असतो आणि वर सांगितलेले ९० दिवसांचे संरक्षण त्याला लागू नाही. परवान्याची मुदत संपली की मालक कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन लढण्याची परवानगी मिळवली नाही, तर परवानाधारकाचे म्हणणे ऐकलेही जात नाही, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी त्याला परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. मालकाच्या हातात एवढे धारदार हत्यार असताना तरी इथले वाद चटकन मिटावेत. पण तेही मिटत नाहीत, कारण इथली थकबाकी बहुधा शेवटच्या दोन-तीन महिन्यांत, "डिपॉझिटमधून वळते करून घ्या" या एका वाक्यातून जन्म घेते. मालक डिपॉझिट परत देताना रंगकाम, नळ, खिडकीची काच अशा नावाखाली पैसे कापणार, हे भाडेकरूला ऐकून माहीत असते. म्हणून तो आधीच भाडे बंद करतो. भाडे बंद झाले की मालकाला वाटते, हा आता जागाही सोडणार नाही. दोघांचीही भीती खरी असते. तिचे मूळ डिपॉझिटच्या हिशेबाची पद्धत करारात लिहिलेली नसते यात आहे.

करारांविषयी एक गैरसमज इतका रुजलेला आहे की त्याचा इथे उल्लेख केला पाहिजे. ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असे शिकलेसवरलेले लोकही सांगतात. महाराष्ट्रात हे खरे नाही. १९९९च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोंदणीचे काही हजार रुपये वाचवणारा मालक थकबाकीच्या वादात भाडे किती ठरले होते हे ठरवण्याचा अधिकार भाडेकरूच्या हाती देऊन बसतो. आमच्या शिक्षिका बाईंनी करार नोंदवला होता. त्यामुळे निदान १८,००० या आकड्यावर दीड महिना भांडण झाले नाही.

स्वतःच्या हाताने न्याय करू पाहणाऱ्या मालकांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. पाणी तोडणे, मीटर बंद करणे, भाडेकरू बाहेर गेला असताना कुलूप बदलणे हे सगळे बेकायदा आहे. आवश्यक सेवा तोडण्यास कलम २९ने मनाई केली आहे, आणि कायदेशीर मार्गाशिवाय ताबा घेतला गेला तर सहा महिन्यांच्या आत दावा लावून तो परत मिळवण्याची सोय १९६३च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमात आहे. असे केल्याने थकबाकीची रक्कम एका पैनेही वसूल होत नाही. उलट मालक, जो तोवर धनको होता, तो आरोपी होतो. नुसत्या थकबाकीसाठी पोलिसांकडे गेले की "हे दिवाणी प्रकरण आहे" असे उत्तर मिळते, आणि ते उत्तर बरोबरच असते.

आता, मला काय हवे आहे ते नेमकेपणाने सांगतो. पहिली गोष्ट नोटिशीची. आज नोटिशीत "इतक्या वर्षांची इतकी रक्कम थकलेली आहे" असे एक वाक्य आणि एक ठोक आकडा पुरतो. त्याऐवजी महिनावार तक्ता जोडणे सक्तीचे असावे: महिना, ठरलेले भाडे, मिळालेली रक्कम, ती कशी मिळाली, पालिकेच्या करातील किंवा पाणीपट्टीतील वाटा, आणि बाकी. हा तक्ता करायला बसल्यावर अनेक मालकांना स्वतःचीच नोटीस बदलावी लागेल. भाड्याच्या वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, तरी नोटिशीत दहा वर्षांची बेरीज सर्रास छापली जाते, केवळ भाडेकरूचे डोळे पांढरे व्हावेत म्हणून. भाडेकरूनेही ३० दिवसांत त्याच तक्त्याच्या शेजारच्या रकान्यात आपला आकडा लिहून द्यावा. नुसता "मजकूर मान्य नाही" हा शेरा उत्तर म्हणून चालू नये.

दुसरी गोष्ट अशी की, दोन्ही रकान्यांत जी रक्कम सारखी आहे ती ताबडतोब चुकती व्हावी. वादातील रकमेसाठी वादात नसलेली रक्कम अडवून ठेवण्याचा अधिकार कोणालाही नसावा. मालकाने ती घेताना 'हक्कांना बाधा न येता' असे पावतीवर लिहावे आणि भाडेकरूनेही तसेच लिहून द्यावे. या चार शब्दांनी पावती दिल्यामुळे काही कबूल केल्यासारखे होईल ही मालकाची भीती संपते. घेतलेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती देणे हे मालकाचे कर्तव्य कायद्यात आजही आहेच. आणि मान्य केलेली रक्कमसुद्धा जो भाडेकरू भरत नाही, त्याला पुढच्या ९० दिवसांची सवलत कशासाठी द्यायची, असा प्रश्न मालकाने विचारला, तर माझे मत मालकाच्या बाजूने पडेल. अडचणीत सापडलेला भाडेकरू आणि बुडवायला बसलेला भाडेकरू यांतला फरक ओळखण्याची याहून सोपी कसोटी मला ठाऊक नाही.

तिसरी गोष्ट जागेची. हिशेब करायला कुठे बसायचे, याची. करारात लवादाचे कलम घालून हा प्रश्न सुटत नाही. भाडे नियंत्रण कायद्याखालील वाद खासगी लवादाकडे नेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नटराज स्टुडिओ प्रकरणात १९८१ साली सांगितले आणि विद्या द्रोलिया प्रकरणातील २०२०च्या निकालातही ती भूमिका कायम राहिली. तडजोडीला मात्र कोणाची आडकाठी नाही. प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे आणि दावा दाखल होण्यापूर्वीचे वादही लोकअदालतीपुढे नेण्याची सोय १९८७च्या कायद्यात आहे. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो आणि त्यावर अपील नाही. म्हणजे यंत्रणा आहे, अधिकार आहे. फक्त भाड्याच्या वादाने तिथून जाऊनच पुढे न्यायालयात यावे, असा दंडक नाही. मालकाने नोटिशीची एक प्रत प्राधिकरणाकडे पाठवावी आणि प्राधिकरणाने ९० दिवसांत निदान एक बैठक घ्यावी, अशी तरतूद केली तर आज वाया जाणारी मुदत कामाला लागेल. महिलांना आणि ठरावीक उत्पन्नाखालील पक्षकारांना याच प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यामुळे समोर मोठा मालक असला तरी बैठकीत भाडेकरू अगदीच एकटा पडणार नाही.

तडजोडीच्या कागदात मात्र ढिलाई चालत नाही. हप्ते किती, कोणत्या तारखेला, चुकले तर काय, आणि डिपॉझिट कधी वळते होणार, हे सगळे लिहिलेले असावे. ताबा सोडण्याचे ठरत असेल तर आणखी जपावे लागते, कारण भाडे नियंत्रण कायद्याखाली दोघांच्या संमतीनेही कायद्यातील कारणाशिवाय ताब्याचा हुकूम होऊ शकत नाही. ते कारण भाडेकरूने मान्य केले असल्याचे कागदावरून दिसले पाहिजे, हे मुंबईच्याच जुन्या कायद्याखालील नगिनदास रामदास प्रकरणात १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे. घाईघाईने साध्या कागदावर घेतलेल्या सह्या पुढे बजावणीच्या वेळी दगा देतात.

यावर मालक म्हणतील की, बैठकांची ही नवी पायरी म्हणजे बुडव्यांना आणखी वेळ. हा आक्षेप गंभीर आहे. ज्याचे घर त्या भाड्यावर चालते अशा पेन्शनरालाच उशिराचा खरा चटका बसतो. म्हणून मी नवी मुदत मागत नाही. कायद्याने आधीच दिलेल्या ९० दिवसांत हे बसवावे असे म्हणतो. मालकाचा एकही दिवस वाढत नाही. भाडेकरूंच्या बाजूने वेगळी शंका येते की, समेटाच्या बैठकीत दुबळ्यावर दडपण येते. तेही खरे आहे, पण आज ते दडपण एजंटाच्या फोनवरून आणि जिन्यात अडवून येते, जिथे ऐकणारा तिसरा कोणीच नसतो.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याच्या मसुद्याला मंजुरी दिली. राज्यांनी स्वीकारल्याशिवाय तो कुठेही लागू होत नाही. घरासाठी डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याएवढे, भाडे प्राधिकरण, भाडे न्यायालय, वादांसाठी ६० दिवसांचे लक्ष्य, आणि मालक भाडे नाकारत असेल तर ते प्राधिकरणाकडे भरण्याची सोय अशा चांगल्या गोष्टी त्यात आहेत. डिपॉझिटवरील मर्यादेचे तर मी मालक असूनही स्वागत करीन. पण त्याचा सगळा भर जलद निकालावर आणि जलद ताब्यावर आहे. ९० दिवसांच्या जागी एक महिना, आणि तेवढ्यात थकबाकी भरली नाही तर रस्ता मोकळा. पगार दोन महिने लांबलेल्या माणसाला एक महिना पुरत नाही, आणि हप्त्यांचा विचार करायला कोणाला तरी वेळ हवा. कोरोनाच्या काळात हे आपण पाहिले. एप्रिल २०२० मध्ये राज्य सरकारने घरमालकांना भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्यास सांगितले. पुष्कळांनी ती माफी समजली आणि त्यातून नवी भांडणे उभी राहिली. त्याच सुमारास दिल्लीच्या खान मार्केटमधील एका दुकानाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने भाडे स्थगित करण्यास नकार दिला, मात्र ते भरण्यासाठी काही मुदत वाढवून दिली. देणे तसेच ठेवायचे आणि भरण्याची रीत माणसाच्या परिस्थितीप्रमाणे ठरवायची, हा समंजसपणा टाळेबंदीपुरता राखून ठेवण्याचे कारण दिसत नाही.

आमच्या कार्यालयातील त्या बैठकीला सव्वा तास लागला. त्यातली चाळीस मिनिटे १०,००० रुपये शोधण्यात गेली. मुलाच्या बँकेच्या स्टेटमेंटमध्ये भाडेकरूचे नाव कुठेच नव्हते, आणि त्यामुळे तो खोटे बोलतो आहे अशी बाईंची पक्की खात्री झालेली होती. शेवटी तारखेवरून ती नोंद सापडली. पैसे भाडेकरूच्या पत्नीच्या खात्यातून, तिच्या माहेरच्या नावाने आले होते. त्यानंतर लाइट बिलाचे ४,२०० भाडेकरूने एका शब्दात मान्य केले. गीझर सहा वर्षांचा जुना होता, तेव्हा त्याचा खर्च निम्मा निम्मा, म्हणजे ३,२५० बाईंच्या वाट्याला. येणे ८०,९५० ठरले. डिपॉझिट वळते केल्यावर ३०,९५० उरले. दहा हजारांचे दोन हप्ते आणि शेवटचा १०,९५०चा, असे लिहून दोघांनी सह्या केल्या आणि भाडेकरूने महिनाअखेर किल्ली दिली. बाईंनी प्रत्येक हप्त्याची पावती त्याच आखीव वहीच्या पानावर लिहिली, आणि तिसऱ्या पावतीखाली 'आता येणे काही नाही' असे लिहून पुन्हा दोन रेघा ओढल्या.